अकरा महिन्यांत लोअर आर्म दुसऱ्यांदा गेले, दोष रस्त्याचा की फिटिंगचा?

जुळेसोलापूरकर
१४ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. गाडी २०१७ ची डिझेल हॅचबॅक, आत्ता ८६ हजार किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा "ती कंपनीच तसली" वर जातो आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. रोजचं जाणं चिंचोली एमआयडीसी, जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस किमी, आणि महिन्यातून दोनदा सासुरवाडी, मंगळवेढ्याच्या पुढं हायवे सोडून आत आठ किमी.

प्रॉब्लेम असा की गेल्या जुलैत पुढून खडखड यायला लागली म्हणून मेकॅनिकला दाखवलं, तर दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे), दोन्ही लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारचे जोडदांडे) आणि डावा टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) गेलाय म्हणाला. सगळं बदललं, मजुरी धरून साडेअकरा हजार, अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) पण केली. दिवाळीपर्यंत गाडी एकदम मस्त. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला परत बारीक टकटक सुरू. मला वाटलं डिकीत काहीतरी वाजतंय, स्टेपनी काढून बघितली, जॅक जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला, आवाज आपला तिथंच. आता जूनमध्ये दुसऱ्या मेकॅनिकला दाखवलं तर तो म्हणतो लोअर आर्मचे बुश (रबरी सांधे) दोन्हीकडचे फाटलेत आणि डावा बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला गोळ्याचा सांधा) पण ढिला आहे. म्हणजे कंपनीतून आलेले आर्म सत्तर हजार चालले आणि हे नवीन सोळा हजारात खलास.

आवाज गल्लीतल्या बारक्या खड्ड्यांत जास्त येतो. ब्रेक मारला की गाडी डावीकडं हलकी ओढते. डाव्या पुढच्या टायरची आतली कड खाल्ली गेलीय.

पहिल्या मेकॅनिककडं गेलो तर "साहेब, रस्ते बघा की, मी काय करू" म्हणाला. पार्ट चांगल्या ब्रँडचे होते, बॉक्स माझ्यासमोर फोडलेत. परत बारा हजार घालायच्या आधी विचारतोय, हे होतंय कशानं?

कडकभाकरी
१४ जून, रात्री ११:१५

मालक, सोलापुरात राहायचं म्हणजे गाडीचे बुश आणि आपला मणका दोन्ही वर्षाला बदलायचे 😄

पण सिरियसली, बॉक्स समोर फोडला म्हणजे माल खरा असं काही नसतं. बॉक्स, स्टिकर सगळं डुप्लिकेट मिळतं. माझ्या गाडीला एकदा टाय रॉड एंड टाकला, चार महिन्यांत त्याचं रबरी बूट (सांध्यावरची टोपी) फाटून आतलं ग्रीस बाहेर. जुना कंपनीचा भंगारात टाकला नव्हता, दोन्ही शेजारी धरून बघितले तर नवीनचं रबर हाताला कडक लागत होतं, प्लॅस्टिकसारखं. बूट फाटलं की संपलं, आत धूळ गेली, पावसाचं पाणी गेलं की बॉल जॉइंट आतून घासून घासून पोकळ होतो. तुमचा डावा बॉल जॉइंट त्यातलाच असणार. बूट बघितलं का?

गाणगापूरभाडं
१५ जून, सकाळी ६:०५

काय मालक, माझी भाड्याची गाडी आहे, अक्कलकोट तुळजापूर पंढरपूर गाणगापूर हेच चालू असतं, वर्षाला साठ-सत्तर हजार किमी, त्यामुळं लिंक रॉड तर मी चहाच्या कपासारखे बदलतो, पण लोअर आर्म माझे एवढ्या लवकर जात नाहीत, म्हणून वाचून नवल वाटलं.

आधी आवाज कुठून येलालाय ते बघा, नुसतं मेकॅनिक बोलला म्हणून पार्ट टाकू नका. सोपं हाय. दोन्ही पुढची चाकं एकदम चढतील असा सरळ स्पीड ब्रेकर घ्या, हळू. तिथं आवाज नाही आणि एकच चाक खड्ड्यात गेलं की टक टक, मग लिंक रॉड नाहीतर स्टॅबिलायझरचा बुश. कारण दोन्ही चाकं बरोबर उचलली की स्टॅबिलायझरचा तो मधला बार, जो दोन्हीकडची चाकं जोडतो, पिळला जात नाही, लिंकवर जोर येत नाही. तरी डाऊट असला तर दोन्हीकडच्या लिंक खोलून गल्लीत वीसच्या स्पीडनं एक चक्कर मारायची, आवाज बंद झाला म्हणजे चोर सापडला. तसंच हायवेला मात्र जायचं नाही, वळणावर गाडी लई कलते.

दुसरं, तुमची गाडी चालवायची सवय काय हाय? बरेच जण खड्ड्यात ब्रेक दाबून धरूनच घालतात. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं, स्प्रिंग आधीच दबलेली, मग खड्ड्याचा दणका घ्यायला शॉकपला (शॉक अ‍ॅब्झॉर्बरला) जागा कुठं उरली, सगळं आर्म आणि बॉल जॉइंटवर. ब्रेक खड्ड्याच्या आधी मारायचा आणि चाक पडायच्या टायमाला सोडून द्यायचा. आमचा एक पोरगा हे शिकायला दोन वर्षं लावला, तोवर दोन शॉकप घालवला.

आणि ते मंगळवेढ्याचं आतलं आठ किमी. काळी माती आहे ना तिथं. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून बसते, वरचा डांबर पण तिच्याबरोबर लाटा मारतो. ज्वारीला सोनं, रस्त्याला माती. वरून गाळप सुरू झालं की उसाच्या डबल ट्रॉल्या, त्यांच्या चाकोऱ्या पडतात. चाक चाकोरीत घालून चालवू नका, ते स्टेअरिंग एकसारखं ओढत राहतं.

एसटीवालेकाका
१५ जून, दुपारी ३:२०

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली, आता रिटायर आहे, त्यामुळे वेळ भरपूर आहे आणि टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

रस्त्याला शिव्या घालायला माझी हरकत नाही, पण जुने आर्म याच रस्त्यावर सत्तर हजार चालले हे तुम्हीच लिहिलंय. मग रस्ता एकटा दोषी कसा? मधे बदललं काय ते शोधा. बदलला तो पार्ट आणि बदलला तो लावणारा हात.

मला एक सांगा, लोअर आर्म बसवताना बोल्ट टाइट केले तेव्हा गाडीची चाकं जमिनीवर होती की गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत? बहुतेक तुम्ही तेव्हा समोरच्या टपरीवर चहा पीत होता. हेच विचारायचं कारण सांगतो. लोअर आर्मचा बुश म्हणजे बाहेर एक लोखंडी नळी, आत एक लोखंडी नळी आणि दोघींच्या मधे पक्कं चिकटवलेलं रबर. चाक वरखाली झालं की आर्म हलतो, पण बुश बेअरिंगसारखा फिरत नाही, मधलं रबर पिळलं जातं आणि परत येतं. बोल्ट टाइट केला की आतली नळी ब्रॅकेटला जखडली. ज्या अवस्थेत जखडली ती त्या रबराची आरामाची जागा. आता गाडी जॅकवर आहे, आर्म पार खाली लोंबतोय आणि तुम्ही बोल्ट आवळला, तर रबराची आरामाची जागा ती झाली. गाडी खाली सोडली, आर्म वर आला, म्हणजे गाडी नुसती दारात उभी असली तरी रबर पिळलेलंच. ओलं फडकं पिळून दोरीवर टाकावं तसं रात्रंदिवस. त्यात खड्डा आला की आणखी पिळ. मग ते सोळा हजारात फाटणार नाही तर काय होणार?

बोल्ट आधी हातानं लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, एकदोनदा दाबून हलवायची म्हणजे ती आपल्या उंचीला बसते, आणि मग शेवटचं आवळायचं, तेही टॉर्कच्या पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या. दोन खांबांच्या लिफ्टवर हे जमत नाही, कारण तिथं चाकं हवेत. खड्ड्याच्या पिटवर किंवा अलाइनमेंटच्या रॅम्पवर जमतं. काही गाड्यांत मागचा बुश उभा बसतो, त्याला हा हिशोब तेवढा लागू नाही, पण पुढच्या आडव्याला लागतोच. नुसता बुश प्रेसवर दाबून घातला असेल तर अजून एक भानगड, बऱ्याच बुशांच्या रबरात मुद्दाम खाचा ठेवलेल्या असतात, त्या ठराविक दिशेलाच यायला लागतात. उलट्या आल्या की जिथं रबर भरीव पाहिजे तिथं पोकळ.

तुमची बाकीची लक्षणं यातच बसतात. बुश फाटला की ब्रेक मारताना आर्म मागे सरकतो, त्या बाजूच्या चाकाची दिशा बदलते, गाडी ओढते. टायरची आतली कड त्यामुळेच खाल्ली जात असेल. आणि या अवस्थेत अलाइनमेंट करायला जाऊ नका, ढिल्या जॉइंटवर केलेलं अलाइनमेंट रॅम्पवरून उतरताच बिघडतं. आधी सगळा ढिलेपणा काढायचा, मगच मशीन.

घरी तपासायचं असेल तर गाडी सपाट जागेत, हँडब्रेक, मागच्या चाकाला दगड, पुढचं एक चाक उचला, नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली घोडी (लोखंडी टेकू) लावा. घड्याळात तीन आणि नऊ वाजतात तिथं हात धरून चाक हलवा, तिथं ढिलं लागलं तर टाय रॉड एंड किंवा रॅकच्या आतला जॉइंट. बारा आणि सहावर हलवा, तिथं ढिलं लागलं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. दोघांत कुठलं ते ओळखायला कोणालातरी आत बसवून ब्रेक दाबायला सांगा, ब्रेक दाबल्यावर हलायचं थांबलं तर बेअरिंग, तरीही हललं तर बॉल जॉइंट.

आमच्या बसच्या किंगपिनला (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिला) ग्रीसचे निप्पल होते, आठवणीनं ग्रीस मारलं की वर्षानुवर्षं चालायचं. तुमच्या कारचे जॉइंट सीलबंद, बूट फाटलं की पार्ट फेकायचा. त्या बाबतीत भाकरी म्हणतात ते बरोबर आहे.

जुळेसोलापूरकर
१५ जून, रात्री ९:३०

काका, साष्टांग नमस्कार. चहाच पीत होतो, टपरी पण समोरचीच 🙏 आणि गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर होती, हे पक्कं आठवतंय, कारण मी खाली उभा राहून फोटो काढलाय. फोटोत चाकं लोंबकळलेली आणि त्याच्या हातात इम्पॅक्ट गन (बोल्ट झटक्यात आवळायचं मशीन).

डाव्या जॉइंटचं बूट फाटलेलं नाही, पण बाजूनं ओलसर दिसतंय. लिंक रॉडची टेस्ट उद्या करतो. आणि हो, हवा मी ४० ठेवतो, अ‍ॅव्हरेज बरं मिळतं म्हणून. त्याचा काही संबंध आहे का?

गाणगापूरभाडं
१५ जून, रात्री ९:४८

४० ?? काय बे. दाराच्या स्टिकरवर किती लिहिलंय ते बघ की. टायर पण एक स्प्रिंगच हाय, ते दगड केलं तर सगळा दणका वरच जाणार.

जुळेसोलापूरकर
१५ जून, रात्री ९:५५

स्टिकरवर ३३ 🙈

होटगीरोडची
१६ जून, सकाळी ११:१०

मी इथं फक्त वाचते, पण एक विचारू का. माझ्या गाडीचे स्टॅबिलायझर बुश असेच पटापट जायचे. मी दर महिन्याला वॉशिंग सेंटरला गाडी टाकायची आणि तिथला पोरगा दर वेळी विचारायचा, "मॅडम, खालून डिझेल मारू का, गंज लागत नाही, आवाज येत नाही." मी हो म्हणायची, पन्नास रुपयांत काय जातंय. पुढं वर्कशॉपमधल्या एकानं जुने बुश काढून हातात दिले तर ते फुगलेले आणि बोटाला काळं चिकटणारे. त्यानं सांगितलं की बुशांमधलं साधं रबर डिझेल, ऑइल पिऊन फुगतं आणि मऊ होऊन सुटतं. तेव्हापासून बंद केलं. दोन वर्षं झाली, आहेत ते बुश अजून चालू आहेत. तुम्ही मारता का असं काही?

जुळेसोलापूरकर
१६ जून, दुपारी १:०२

ताई, मारतो. दर दोन महिन्याला. पावसाळ्याच्या आधी तर जळकं ऑइल पण मारून घेतलं होतं खालून, तेही मी स्वतः सांगून, कौतुकानं.

एसटीवालेकाका
१६ जून, दुपारी ४:४०

होटगी रोडच्या ताईंनी नेमकं पकडलं, माझ्या डोक्यात आलं नाही कारण आमच्याकडं पाट्याच्या स्प्रिंगा असायच्या, त्यांना ऑइल मारलेलं चालायचं, तिथूनच ही खोड कारवाल्यांकडं आली असणार. तेव्हाच्या गाडीखाली रबर होतं कुठं एवढं. आता सगळी गाडी रबरावर बसलेली आहे. खालून नुसतं पाणी मारा, तेही प्रेशरची नळी बॉल जॉइंटच्या बुटाच्या तोंडाशी धरू नका, पाणी आत घुसतं.

कडकभाकरी
१६ जून, सायंकाळी ७:३०

म्हणजे डुप्लिकेट पार्ट नाही तर. ठीक आहे, माझा अंदाज मागे घेतो, पण अर्धाच. एक उपाय सांगू का, स्प्रिंगमध्ये रबरी बफर बसवून घ्या, ऑनलाइन मिळतात, गाडी उचलल्यासारखी राहते, खाली घासत नाही.

गाणगापूरभाडं
१६ जून, सायंकाळी ७:४१

नको. मी लावलो होतो. पॅसेंजर भरल्यावर बरं वाटतं, पण मोकळी गाडी टणाटण उडते. स्प्रिंग दबणारच नसेल तर दणका जाणार कुठं? शॉकपच्या वरच्या माउंटिंगला. माझं माउंटिंग फाटलं, तेव्हा काढून टाकलो.

जुळेसोलापूरकर
२८ जून, रात्री १०:२०

मंडळी, उशीर झाला, पण पूर्ण सांगतो.

लिंक रॉडची टेस्ट केली. ब्रेकरवर आवाज कमी, पण बंद नाही, आणि लिंक खोलून चक्कर मारली तरी आवाज होताच. म्हणजे लिंक ठीक. काकांची घड्याळवाली टेस्ट मेव्हण्याला आत बसवून केली, तीन-नऊला काही नाही, बारा-सहाला डावीकडं कटकट, ब्रेक दाबला तरी तशीच. बॉल जॉइंट. उजवीकडं काही नाही.

मग अक्कलकोट रोडच्या बाजूला एक जुना मेकॅनिक आहे, त्याच्याकडं पिट आहे, तिथं नेली. चहाला गेलो नाही, पिटच्या कडेला बसून राहिलो. आर्म काढले तर दोन्ही पुढचे बुश एकाच बाजूला फाटलेले, अगदी आरशात बघितल्यासारखे, आणि मागचे फुगून गुळाच्या ढेपेसारखे चिकट. म्हणजे काका पण बरोबर आणि ताई पण बरोबर. त्याला मी बोल्टचं विचारलं तर माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, "हे तुम्हाला कोण सांगितलं?" मी म्हटलं एसटीतले एक काका आहेत. मग म्हणाला, "खरंय, पण गिऱ्हाईक घाईत असतंय, एका गाडीला अर्धा तास जास्त जातो, म्हणून लिफ्टवरच आवळतात सगळे."

डावा आर्म पूर्ण नवीन टाकला, कारण बॉल जॉइंट आर्मलाच रिव्हेट करून आहे. उजव्या आर्मचा जॉइंट चांगला होता म्हणून त्याचे फक्त बुश प्रेसवर बदलले, खाचांची दिशा जुन्या बुशावर खडूनं खूण करून जुळवली. बोल्ट गाडी खाली टेकल्यावर आवळले, मी स्वतः बॉनेटवर बसून हलवली. नंतर अलाइनमेंट केलं, रिपोर्टमध्ये डावीकडचा टो (चाकाच्या तोंडाची दिशा) बाहेर गेलेला होता तो आणला जागेवर. टायर पुढचे मागे, मागचे पुढे केले. हवा ३३. एकूण सहा हजार दोनशे.

ब्रेकला ओढणं बंद. परवा सासुरवाडीला जाऊन आलो, ते आतलं आठ किमी ब्रेक सोडून खड्डे घ्यायची प्रॅक्टिस करत गेलो. बायको म्हणाली, "आज एवढी हळू का चालवताय, भांडण झालंय का माहेरच्यांशी?"

एकच राहिलं. उभ्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण वळवलं की बॉनेटखालून टंग असा स्प्रिंगसारखा आवाज येतो. आणि चालू गाडीत अधूनमधून अजून एक टकटक आहे, पण ती मागून आल्यासारखी वाटते.

एसटीवालेकाका
२९ जून, सकाळी ७:१५

टंग म्हणजे शॉकपच्या वरचं बेअरिंग. ते जाम झालं की स्टेअरिंगबरोबर स्प्रिंग फिरत नाही, पिळून राहते आणि मग एकदम सुटते, तोच आवाज. लगेच धोका काही नाही, पण फार लांबवू नका, स्टेअरिंग जड होतं. शॉकप कधीतरी काढाल तेव्हा माउंटिंगसकट बदला, मजुरी एकदाच लागेल. आणि उभ्या गाडीत स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवून ताणून धरू नका, जरा चाक गडगडू द्या.

मागच्या टकटकीचं बघून सांगा. मागचे शॉकप गळतायत का?

जुळेसोलापूरकर
२९ जून, रात्री ८:५०

काका, मागचे शॉकप कोरडे आहेत. टकटक सापडली. जानेवारीत जॅक ज्या चादरीत गुंडाळला होता ती बायकोनं मे महिन्यात धुवायला काढली, जॅक डिकीत तसाच मोकळा.